'चीप अँड बेस्ट' नको, मग काय लिहू? कमी पैशात चांगला माल सांगणारे इंग्लिश वाक्प्रचार

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत तुम्ही एक्स्पोर्टचं बघता. पंपाच्या कास्टिंगचं (धातू ओतून केलेल्या भागांचं) कोटेशन इंग्लंड आणि अमेरिकेतल्या कस्टमरला पाठवायचं होतं, तुम्ही लिहिलं "वुई ऑफर चीप अँड बेस्ट क्वालिटी", साहेबांनी ते खोडलं. मग तुम्ही नेटवरून यादी काढली (बँग फॉर द बक, चीप ॲज चिप्स, अ स्टील, डाइम अ डझन, रन फॉर युअर मनी, मनी फॉर ओल्ड रोप) आणि विचारताय की यातलं कुठलं कुठे बसेल.

मी पुण्यात कंपन्यांमधल्या लोकांना ऑफिसचं इंग्लिश शिकवते, त्यात पर्चेस आणि एक्स्पोर्टवाले खूप असतात, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते तुमची खरी अडचण शब्द कमी असण्याची नाहीच. याद्यांमध्ये अर्थ दिलेला असतो, "स्वस्त", "फायद्याचं" वगैरे, पण तो वाक्प्रचार कोणाच्या तोंडी शोभतो हे दिलेलं नसतं. घेणारा बोलतोय का विकणारा, इथेच सगळी मेख आहे. मराठीत आपल्याला हे न शिकवता कळतं. साडी घेऊन आलेली बाई मैत्रिणीला म्हणेल "अगं मातीमोल भावात मिळाली", पण दुकानदार गिऱ्हाइकाला "ताई, माझा माल मातीमोल आहे" असं कधी म्हणणार नाही. इंग्लिशमध्ये अगदी हेच आहे, फक्त कान तयार नसल्यामुळे आपण घेणाऱ्याचं वाक्य उचलून विकणाऱ्याच्या तोंडी घालतो.

आता आधीच सांगते, सगळ्याला एकच उत्तर नाहीये. कस्टमर ब्रिटिश आहे का अमेरिकन, टेंडरचं उत्तर आहे का रोजचं ईमेल का फोनवरच्या गप्पा, ओळख नवीन आहे का दहा वर्षांची, यावर बरंच अवलंबून आहे. जुन्या कस्टमरशी व्हिडिओ कॉलवर जे खपून जातं ते पहिल्याच कोटेशनमध्ये लिहिलं तर विचित्र दिसतं. तरी काही गोष्टी पक्क्या सांगता येतात.

आधी 'चीप' बद्दल, कारण तिथेच तुमचं वाक्य अडकलं. आपल्याकडे 'चीप अँड बेस्ट' दुकानाच्या पाट्यांवर, रिक्षाच्या मागे, सगळीकडे दिसतं आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण आपण मनात "स्वस्त आणि मस्त" म्हणत असतो. मजा म्हणजे मुळात हा शब्द अजिबात हलका नव्हता. जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ होता व्यापार, सौदा. लंडनमध्ये चीपसाइड नावाचा रस्ता आजही आहे, तो मध्ययुगातला मुख्य बाजार, आणि त्याला लागून ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट अशा गल्ल्या आहेत, म्हणजे कुठे काय मिळायचं ते नावातच. 'गुड चीप' म्हणजे चांगला सौदा असं म्हणायचे, पुढे त्यातलं 'गुड' गळून गेलं आणि नुसतं 'चीप' उरलं, म्हणजे स्वस्त. आणि स्वस्त म्हणजे हलकं हा वास त्याला नंतर चिकटला, तो आता निघत नाही. आज 'चीप' हे किमतीबद्दलही असू शकतं आणि दर्जाबद्दलही, आणि विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला म्हटलं की वाचणारा दर्जाचाच अर्थ घेतो. त्यातून कास्टिंगसारखी वस्तू, जिच्यात ब्लो होल (आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) आणि क्रॅकची धास्ती आधीच कस्टमरच्या डोक्यात असते! तुमच्या साहेबांनी खोडलं ते बरोबरच केलं.

त्याच्या भावकीतले शब्दही बघून ठेवा. 'चीप अँड नॅस्टी' म्हणजे स्वस्त आणि टाकाऊ, उघड शिवी. 'चीप अँड चीअरफुल' हे ब्रिटिश लोक प्रेमाने म्हणतात, आपल्या "स्वस्त आणि मस्त"च्या सगळ्यात जवळ जाणारं हेच, पण त्यात "फार अपेक्षा ठेवू नका" असं गृहीत असतं. कोपऱ्यावरचं छोटं हॉटेल, सुट्टीत घालायचे कपडे, यांच्यासाठी छान. पंपाच्या हाउसिंगसाठी, म्हणजे बाहेरच्या कवचासाठी नाही, कारण तिथे अपेक्षा ठेवायलाच हवी. 'चीप ॲज चिप्स' हेही अस्सल ब्रिटिश. तिकडे टीव्हीवर जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा कार्यक्रम करणारा डेव्हिड डिकिन्सन हे सारखं म्हणायचा म्हणून आणखी पसरलं, आणि त्यामुळे त्याला जुन्या बाजारातल्या घासाघिशीचा वास आहे. अमेरिकन कस्टमरला तर ते परकंच वाटेल. 'डर्ट चीप' दोन्हीकडे चालतं, पण घेणाऱ्याच्याच तोंडी.

असे घेणाऱ्याच्या तोंडचे शब्द बरेच आहेत, तुमच्या यादीतला 'अ स्टील' त्यातलाच. 'इट्स अ स्टील' म्हणजे एवढ्या कमी भावात मिळालं की चोरल्यासारखंच. ब्रिटिश त्याच अर्थी 'अ स्निप' म्हणतात. 'आय गॉट इट फॉर अ साँग' म्हणजे गाण्याच्या बदल्यात, कवडीमोलात मिळालं. हेच विकणारा म्हणाला की अर्थ उलटतो, "वुई सोल्ड इट फॉर अ साँग" म्हणजे घाईत, नाइलाजाने, पडत्या भावात काढून टाकलं, त्यात हळहळ आहे. तुम्ही कस्टमरला लिहिलंत "दिस प्राइस इज अ स्टील" तर ते व्याकरणात बरोबर आहे, पण फुटपाथवर ओरडून माल विकणाऱ्यासारखं वाटतं. कस्टमरने तुम्हाला तसं म्हटलं तर मात्र खूश व्हा, आणि पुढच्या वर्षी रेट वाढवायला जागा आहे हेही मनात टिपून ठेवा.

'बार्गेन बेसमेंट' बद्दल मुद्दाम सांगते, कारण माझ्याकडे एकाने हे कंपनीच्या माहितीपत्रकात कौतुक म्हणून घातलं होतं. याच्या मागे मोठ्या दुकानांची खरी तळघरं आहेत, त्यातलं एक फार गाजलं. अमेरिकेत बोस्टनमध्ये फायलीन यांचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं, त्याच्या तळघरात १९०९ मध्ये एडवर्ड फायलीन यांनी वरच्या मजल्यांवर न खपलेला माल विकायला सुरुवात केली. पद्धत अशी की माल १२ दिवस पडून राहिला की २५ टक्के कमी, १८ दिवसांनी ५० टक्के, २४ दिवसांनी ७५, आणि ३० दिवसांनंतरही राहिला तर धर्मादाय संस्थेला. प्रत्येक वस्तूवर तारीख असायची, म्हणजे गिऱ्हाइकाने ठरवायचं की आत्ता घ्यायचं का आणखी थांबायचं, आणि थांबलं तर दुसरं कोणी उचलून नेईल ही धाकधूक. लोकांची तिथे झुंबड उडायची. पण शब्द म्हणून आज 'बार्गेन बेसमेंट प्राइस' मध्ये उरलासुरला, कोणाला नको असलेला माल हा अर्थ डोकावतोच. फाउंड्रीने स्वतःच्या पार्टसाठी वापरू नये.

आता 'बँग फॉर द बक'. यादीतला हा सगळ्यात कामाचा, पण जपून. बक म्हणजे डॉलर हे माहीतच आहे, बँग म्हणजे इथे खरोखरच स्फोट. १९५० च्या दशकात आयझेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष असताना संरक्षण खर्च कमी करायचा होता, तेव्हा मोठं पायदळ पोसण्यापेक्षा अण्वस्त्रांवर भर द्यायचा असं धोरण आलं. संरक्षणमंत्री होते चार्ल्स विल्सन, जे आधी जनरल मोटर्सचे प्रेसिडेंट होते. त्या धोरणाचं वर्णन 'मोर बँग फॉर द बक' असं झालं, म्हणजे तेवढ्याच डॉलरमध्ये जास्त धमाका, आणि त्या काळातच हे शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले. आता बोलताना कोणाला बॉम्ब आठवत नाही, गाडी, मोबाइल, हॉटेल कशालाही म्हणतात.

माझ्या अनुभवात याची जागा अशी: कॉलवर, ओळखीच्या कस्टमरशी, आणि तुलना करताना. उदाहरणार्थ तुमच्याकडे एकाच पार्टसाठी दोन पर्याय आहेत, एक ग्रे आयर्नमध्ये (साधं ओतीव लोखंड) आणि एक एसजी आयर्नमध्ये (जास्त चिवट प्रकार), आणि कस्टमर विचारतोय कुठला घेऊ, तर "फॉर धिस ॲप्लिकेशन, ग्रे आयर्न गिव्ह्ज यू मोर बँग फॉर युअर बक" हे अगदी नैसर्गिक वाटतं, कारण तिथे तुम्ही स्वतःची पाठ थोपटत नाही आहात, त्याच्या पैशाचा विचार करून सल्ला देताय. ब्रिटिश माणसालाही कळतं, तेही वापरतात. पण कोटेशनमध्ये, टेंडरमध्ये, कंपनीच्या प्रोफाइलमध्ये नको, फार सैल वाटतं.

मग कागदावर काय? 'व्हॅल्यू फॉर मनी' किंवा नुसतं 'गुड व्हॅल्यू'. कंटाळवाणं वाटेल, पण विकणाऱ्याच्या तोंडी शोभणारं आणि घेणाऱ्यालाही पटणारं हेच. ब्रिटनमध्ये तर हा सरकारी कामकाजातला पक्का शब्द आहे. तिथे १९८३ च्या नॅशनल ऑडिट ॲक्टने सरकारी खर्चाची तपासणी करणारी यंत्रणा उभी केली, आणि ती फक्त हिशोब जुळतो का एवढंच बघत नाही, खर्च काटकसरीने झाला का, कार्यक्षमतेने झाला का आणि ज्यासाठी केला ते साध्य झालं का हे तीनही बघते. या तिन्हींना मिळून तिकडे व्हॅल्यू फॉर मनी म्हणतात. म्हणजे स्वस्त असणं हा त्यातला जेमतेम एक तुकडा. आपल्याकडे एल-वनची, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाल्याला काम द्यायची सवय असल्यामुळे आपण समजतो की सगळ्यात कमी रेट म्हणजे काम आपलं. ब्रिटनमधल्या सरकारी खरेदीच्या नव्या कायद्यात, तो २०२५ पासून लागू झाला, टेंडर देण्याचा निकष 'मोस्ट ॲडव्हान्टेजियस टेंडर' असा आहे, म्हणजे सगळ्यात फायद्याचं, सगळ्यात कमी रकमेचं असेलच असं नाही. तुमचा कस्टमर खाजगी असला तरी तिथला पर्चेसवाला याच वातावरणात वाढलेला असतो. त्याला "आम्ही सगळ्यात स्वस्त" सांगून फार काही मिळत नाही.

'कॉस्ट-इफेक्टिव्ह' आणि 'कॉम्पिटिटिव्ह' हे दोनही चालतात, पण त्यात फरक करा. कॉम्पिटिटिव्ह प्राइस म्हणजे बाजारात इतरांच्या तोडीचा रेट. कॉस्ट-इफेक्टिव्ह म्हणजे घातलेल्या पैशाच्या मानाने परिणाम चांगला, आणि ते उपायाबद्दल म्हणतात. "अवर प्राइस इज कॉस्ट-इफेक्टिव्ह" हे खूप जण लिहितात आणि ते खटकतं. प्राइस कॉम्पिटिटिव्ह असते, सोल्युशन कॉस्ट-इफेक्टिव्ह असतं.

आता खड्डे. तुमच्या यादीतले तीन शब्द तिथे असायलाच नको होते, आणि ज्याने यादी केली त्याने बहुतेक 'यात पैसा आहे म्हणजे पैशाबद्दल' असं धरलं.

डाइम अ डझन. दहा सेंटला डझनभर, म्हणून स्वस्त असं वाटतं. प्रत्यक्षात अर्थ "पायलीला पन्नास" असा आहे, म्हणजे अशा गोष्टी ढिगाने पडल्यात, काही किंमत नाही. ब्रिटिश त्याला 'टेन अ पेनी' म्हणतात. "अवर कास्टिंग्ज आर अ डाइम अ डझन" लिहिलंत तर तुम्हीच सांगितलंत की आमच्यासारखे पन्नास आहेत.

रन फॉर युअर मनी. हा सगळ्यात महाग पडू शकतो. मूळ घोड्यांच्या शर्यतीतलं, ज्या घोड्यावर पैसे लावले तो निदान धावला तरी, जिंकला नाही तरी पैशाच्या बदल्यात शर्यत बघायला मिळाली. तिथून अर्थ सरकत सरकत आता "तगडी टक्कर देणे" असा झालाय. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने कस्टमरला लिहायच्या पत्राच्या सरावात "वुई विल गिव्ह यू अ गुड रन फॉर युअर मनी" असं लिहिलं होतं, त्याच्या मनात होतं "तुमचे पैसे वसूल करून देऊ", आणि वाचणाऱ्याला दिसलं "तुम्हाला जेरीस आणू". पैसे वसूल म्हणायचं असेल तर 'गेट युअर मनीज वर्थ' आहे. तेही 'यू' लावून, कस्टमरच्या बाजूने: "यू विल गेट युअर मनीज वर्थ". बोलताना ठीक, लिहिताना थोडं घरगुती.

मनी फॉर ओल्ड रोप, ब्रिटिश. काही न करता मिळालेला पैसा, हाताला माती न लागता मिळालेली कमाई. दुसऱ्याच्या कामाला असं म्हटलं तर तो चिडेल, स्वतःच्या कामाला म्हटलं तर कस्टमर चिडेल.

यादीत नव्हतं पण पुढे भेटेल म्हणून सांगते, 'पाउंड फॉर पाउंड'. यातला पाउंड चलन नाही, वजन आहे. बॉक्सिंगमध्ये वेगवेगळ्या वजनगटांतल्या खेळाडूंची तुलना करताना "वजनाच्या मानाने कोण भारी" असं म्हणायचे, त्यातून आलंय. पैशाच्या हिशोबात तुलना करायची तर अमेरिकन लोक 'डॉलर फॉर डॉलर' म्हणतात. आणि 'स्पेंड अ पेनी' कुठेही दिसलं तर खर्चाशी जोडू नका, ते ब्रिटिशांचं "लघवीला जाऊन येतो" आहे, सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दारांना पेनी टाकून उघडायची कुलपं असायची त्यावरून.

इथवरचं दोन ओळीत: स्टील, स्निप, साँग, डर्ट चीप हे कस्टमरने म्हणायचे. बँग फॉर द बक तुम्ही बोलताना, सल्ला देताना. कागदावर गुड व्हॅल्यू, कॉम्पिटिटिव्ह. डाइम, रन आणि ओल्ड रोप यादीतून काढून टाका.

आता तुमच्या वाक्याचं काय करायचं ते बघू, कारण शेवटी कामाला तेच येणार. "चीप अँड बेस्ट क्वालिटी" च्या जागी नुसतं "गुड व्हॅल्यू फॉर मनी" ठेवलं तर चूक सुटेल पण वाक्य पोकळच राहील, कारण हे प्रत्येकजण लिहितो. व्हॅल्यू कशात आहे ते त्याच श्वासात सांगा. समजा तुम्ही मशिनिंगही स्वतःच करून देता, म्हणजे कस्टमरला तिकडे वेगळ्या मशीन शॉपला पाठवावं लागत नाही. मग वाक्य असं होईल: "अवर प्राइस इन्क्लुड्ज मशिनिंग अँड प्रेशर टेस्टिंग, सो द पार्ट इज रेडी टू असेंबल व्हेन इट रीचेस यू." यात एकही वाक्प्रचार नाही, आणि पर्चेसवाला ते वाचून स्वतःच मनात म्हणतो की हे गुड व्हॅल्यू आहे. त्याच्या मनात ते येणं हे तुम्ही लिहिण्यापेक्षा कितीतरी भारी पडतं. त्याच्यापाशी पोचेपर्यंतचा सगळा खर्च धरून रेट कसा पडतो, म्हणजे लँडेड कॉस्ट, तीही देता आली तर द्या. "कॉम्पिटिटिव्ह" हा शब्द एकदाच, शेवटच्या परिच्छेदात आला तरी पुरे.

आणि ज्याची तयारी बहुतेक जण करत नाहीत ती म्हणजे कस्टमरच्या तोंडचे वाक्प्रचार कळणं. तुम्ही वापरले नाहीत तर काही बिघडत नाही, पण त्याचा कळला नाही तर कॉलवर गाडी अडते. तो म्हणेल "दॅट्स अ बिट स्टीप", म्हणजे भाव चढा वाटतोय. 'अ बिट' ला भुलू नका, ब्रिटिश माणूस म्हणाला की बऱ्यापैकी चढा वाटतोय. "कॅन यू शार्पन युअर पेन्सिल?" म्हणजे पेन्सिलला टोक काढून आकडेमोड परत करा, रेट खाली आणा. हे खरेदीवाल्यांचं ठेवणीतलं वाक्य आहे आणि आपल्याकडचे नवीन लोक ते ऐकून गोंधळतात. लगेच आकडा कमी करू नका, आधी विचारा, "व्हिच पार्ट ऑफ द कोट शुड वुई लुक ॲट?" क्वांटिटी, पॅकिंग, पेमेंटची मुदत, कुठे सरकायला जागा आहे ते त्याच्याकडूनच कळेल.

कस्टमर उगाच घासाघीस करत असेल तेव्हा आपल्याला "यू गेट व्हॉट यू पे फॉर" म्हणायचा मोह होतो. जेवढे पैसे तेवढा माल, हे खरं आहे, पण विकणाऱ्याने म्हटलं की टोमणा होतो. त्याहून तिखट म्हणजे "पे पीनट्स, गेट मंकीज" (शेंगदाणे टाकाल तर माकडंच येतील), ते तर नकोच. 'पेनी वाइज, पाउंड फूलिश', म्हणजे पैसा वाचवायला जाऊन रुपया घालवणं, हेही समोरच्याला तोंडावर नको. "पॅकिंग हलकं केलं तर समुद्रातून येताना गंज चढण्याचा धोका आहे, तेवढ्या बचतीसाठी आम्ही तसं सुचवणार नाही" असं साध्या इंग्लिशमध्ये सांगा. अर्थ तोच पोचतो आणि कोणी दुखावत नाही.

आणखी एक, अमेरिकन कस्टमरकडून हमखास येणारं: "वुई डोन्ट वॉन्ट टू बी निकल-अँड-डाइम्ड." निकल म्हणजे पाच सेंट, डाइम म्हणजे दहा. छोटे छोटे चार्जेस लावून आम्हाला कुरतडू नका, असं म्हणणं आहे. तुमच्या कोटेशनमध्ये पॅटर्न (ज्यावरून साचा घडवतात तो नमुना), सॅम्पल, टेस्ट सर्टिफिकेट, पॅकिंग सगळं वेगवेगळ्या ओळीत दाखवलेलं असेल तर हे वाक्य येणारच. पॅटर्नचा एकदाचा खर्च वेगळा दाखवा, कारण तो कस्टमरच्या मालकीचा होतो का हे त्याला कळायला हवं, बाकीचं पीस रेटमध्ये घालून टाका. अर्थात कस्टमरने स्वतःच ब्रेकअप, म्हणजे रेटची फोड मागितली असेल तर ती त्याच्याच फॉरमॅटमध्ये द्या.

जमलं तर तुमचा ड्राफ्ट इथेच टाका, कंपनीचं, कस्टमरचं नाव आणि रेट काढून. कुठल्या ओळी बदलायच्या ते बघून सांगते.